दगडांकडे बघून

माझा नवरा झाडाखाली अडकलेला असला आणि तुम्ही त्याला विचारलंत, "काय लाइल, कसं काय?" तर तो म्हणेल, "वाईट नाही." हे मी गमतीनं म्हणत नाहीये. तरुणपणी लाकूडतोडीच्या कामावर असताना खरंच एक पाइनचं झाड त्याच्या पायावर पडलं होतं, आणि सोडवायला धावलेल्या माणसांना तो हेच म्हणाला होता. आमच्याकडे उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी, सगळेच थोडेफार असे. मी नॉर्वेजियन घरातली, आमच्यातही दुःख चारचौघांत काढत नाहीत. पण लाइल फिनिश, पेल्टोंच्या घरातला, आणि पेल्टोंच्या घरात आनंदसुद्धा चारचौघांत काढत नाहीत. त्याच्याबरोबर बत्तीस वर्षं संसार केलाय, तेव्हा हे बोलायचा हक्क माझा आहे.

तर अशा माणसाच्या हातात सरकारी फॉर्म आला. त्यात प्रश्न होता: शैक्षणिक कर्ज फेडताना तुम्हाला काय हाल सोसावे लागत आहेत, ते सविस्तर लिहा. खाली अर्धं पान कोरं सोडलेलं. आमच्या वकील थिया ब्रँडव्होल्ड यांनी बजावून सांगितलं होतं की भरा आणि आधी मला दाखवा. पण बाईंना उगाच कशाला त्रास, पोस्ट तर वाटेतच आहे, असं म्हणून लाइलने तो परस्पर सरकारी वकिलाकडे पाठवून दिला. अर्ध्या पानात त्याने लिहिलं होतं, 'चाललंय. तक्रार नाही. विचारपूस केल्याबद्दल आभार.'

थियाबाईंनी नंतर त्याची प्रत वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वयाने आमच्या मुलीएवढी बाई, पण त्या दिवशी आजीसारखी दमलेली दिसली.

"मिस्टर पेल्टो, तुम्ही दिवाळं काढताय ना?"

"हो."

"आणि कोर्टाला पटवून द्यायचंय की हे कर्ज फेडणं तुम्हाला शक्यच नाही."

"हो."

"आणि तुम्ही लिहिलंय, तक्रार नाही."

"तक्रार कोणाची करणार?" लाइल म्हणाला. "पैसे मीच घेतले होते."

घेतले होते हे खरं. एकोणिसाव्या वर्षी घेतले होते, भूगर्भशास्त्र शिकायला. तीन वर्षं शिकला. मग त्याच्या वडिलांच्या फुप्फुसांनी हात टेकले, लोखंडाच्या खाणीतली धूळ, दुसरं काय. हा वर्षभरासाठी म्हणून घरी आला आणि परत गेलाच नाही. पदवी मिळाली नाही. चौदा हजार डॉलरचं कर्ज मात्र झालं. तीन वर्षं दगड शिकला आणि डोक्यात तेवढेच घेऊन आला, असं मी त्याला चिडवते.

पण खरं सांगायचं तर त्या दगडांनीच मला गुंडाळलं. पहिल्यांदा बाहेर नेलं ते सिनेमाला नाही, सरोवराच्या काठावर. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली पाळी संपवून आलेले, अंगाला कांद्याचा वास, पाय दुखतायत. त्याने माझ्या हातात एक काळा गुळगुळीत दगड ठेवला आणि म्हणाला, "हा एकशेदहा कोटी वर्षांचा आहे. इथली जमीन फाटत होती ना, तेव्हाचा." एवढंच. मी तो दगड हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिले. माझे पाय दुखायचे थांबले होते. अंगठी दिली तीही त्याच काठावर, आणि अंगठीच्या आधी म्हणाला, "माझ्यावर कर्ज आहे." मी म्हटलं, "कोणावर नसतं?"

मला काय ठाऊक होतं! कर्ज असं वाढू शकतं हे मी आयुष्यात बघितलं नव्हतं. काम असेल तेव्हा हा हप्ते भरायचा. काम नसलं की फोन करायचा. फोनवर नेहमी एखादा गोड आवाज असे. जमत नाही का या वेळी? काही हरकत नाही, पुढे ढकलू. प्रत्येक वेळी ढकललं की राहिलेलं व्याज मुद्दलात जायचं आणि त्याच्यावर नवं व्याज चढायचं. पाव करताना पीठ फुगलं की मी एक बुक्की मारते आणि ते बसतं. हे बसत नव्हतं. घेतले त्याहून जास्त पैसे फेडून झाले होते आणि तरीही ते सत्त्याऐंशी हजारांवर जाऊन उभं राहिलं होतं. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे पुढे रागही येईना. वादळात सरोवराकडे बघताना वाटतं तसं वाटायचं, की याच्यापुढे माणूस म्हणजे कोण.

हप्ता त्याच्या एकट्याच्या कमाईवर बसावा म्हणून दर हिवाळ्यात आम्ही करही वेगवेगळा भरायचो. एकाच टेबलावर, एकाच किटलीतली कॉफी पीत, दोन भाडेकरू असल्यासारखे. माझी बहीण हॅरिएट हसायची. म्हणायची, बिछानाही वेगळा दाखवता का?

थियाबाईंनी पहिल्याच भेटीत सगळं समजावून सांगितलं होतं. दिवाळं लाइल एकट्याचं. घर माझ्या आईकडून माझ्या नावावर आलेलं, त्याला हात लागणार नाही. बाकीची बारीकसारीक देणी सहज जातील. शैक्षणिक कर्ज मात्र असं जात नाही. त्यासाठी दिवाळ्याच्या आतच वेगळा दावा लावायचा, आणि जगणं अशक्य झालंय हे दाखवून द्यायचं. पूर्वी कोणी त्या वाटेला जायचंच नाही. आता सरकारी वकील जरा मोकळ्या मनाने बघतात.

"पण कोर्ट घर एक धरतं," त्या म्हणाल्या. "मिसेस पेल्टो, तुमचा पगारही मोजला जाईल."

"मी काय दगड शिकायला गेले होते?"

"नाही. पण तुम्ही जेवता एका टेबलावर." मग खाली बघत म्हणाल्या, "काही जण कागदोपत्री घटस्फोट घेतात. मी तो सल्ला देत नाहीये. लोक करतात एवढंच सांगतेय."

लाइल गालिच्याकडे बघून म्हणाला, "हं."

त्याचे 'हं' मला ओळखू येतात. हा विचारात पडल्याचा 'हं' होता. गाडीत बसल्याबरोबर माझा पारा चढला.

"विचार काय करतोस त्याच्यात?"

"कागदावरच तर असेल."

"लग्नसुद्धा कागदावरच केलं होतं, लाइल. पाद्रीसमोर सही केली होतीस, आठवतंय का?"

त्याने गाडी रस्त्यावर घेतली. मग म्हणाला, "नाहीतर मी मरेन. मेलो की हे कर्ज माफ होतं, बायकोच्या गळ्यात पडत नाही. आत्ताच बाई म्हणाल्या."

"मर," मी म्हटलं. "पण आधी दारातला बर्फ काढ."

दोघंही हसलो.

सुनावणी मार्चअखेरची लागली. थियाबाईंनी त्याच्याकडून दोनदा तालीम करून घेतली. त्यांनी विचारायचं, "मिस्टर पेल्टो, तुमची परिस्थिती सांगा." याने म्हणायचं, "चाललंय." शेवटी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असंच बोलले तर आपण हरलो. आणि एकदा हरलो की हे कर्ज मरेपर्यंत यांच्या मानेवर. पेन्शन सुरू झाली की त्यातूनही कापतील."

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी आम्ही नेहमीसारखे सॉनात बसलो. अंगणातली ती वाफ घ्यायची लाकडी खोली लाइलच्या आजोबांनी बांधलेली, पुढे पेल्टोंच्या घरून उचलून आम्ही इथे आणलेली. आत भट्टी, भट्टीवर काळे दगड, ते लाइलने काठावरून निवडून आणलेले, आणि समोर दोन पायऱ्यांचे बाक. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला दोनच नियम सांगितले होते. सॉनात चर्चमध्ये बसतो तसं बसायचं, आणि सॉनात बोललेलं सॉनातच राहतं. बाकावर शेजारी बसायचं, दगडांकडे बघायचं, एकमेकांकडे नाही. इतक्या वर्षांत तिथे मोठं असं काही कोणी बोललं नव्हतं. हवापाणी, मासे, कोणाच्या आवारात अस्वल आलं वगैरे.

लाइलने ओगराळं भरून पाणी दगडांवर टाकलं. वाफ अंगावर आली. ती विरल्यावर तो म्हणाला, "गुडघे ठीक आहेत माझे."

"म्हणजे?"

"बस सोडली ती गुडघ्यांसाठी नाही."

पायाच्या त्या अपघातानंतर लाकूडतोड सुटली, तेव्हापासून हा शाळेची बस चालवायचा. मुलांना वाटेतले खडक दाखवायचा. गेल्या पानगळीत अचानक चावी देऊन टाकली आणि बसच्या आगारात झाडलोटीचं काम घेतलं, निम्म्या पगारावर. गुडघे दुखतात म्हणाला होता. मी मलम आणून दिलं होतं.

"हृदयाची एक झडप आहे," तो दगडांना सांगत होता. "अरुंद होत चाललीय. डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करा, नाहीतर कधीतरी उभ्या उभ्या आटपेल. मागे मुलं बसलेली असतात ना. म्हणून चावी दिली."

"कधी म्हणाला?"

"ऑगस्टमध्ये."

"मला म्हणालास डॉक्टर म्हणाला वाईट नाही!"

"ते मी म्हणालो. डॉक्टर वेगळंच म्हणाला होता."

"मग ऑपरेशन का नाही केलंस?"

"हिशेब केला मी." त्याचा आवाज हवामान सांगताना असतो तसाच होता. "विम्यानंतरही पदरचे घालावे लागतात. म्हणजे तुझे. मग मी जगणार, धर वीस वर्षं. कर्जही तितकीच वर्षं माझ्याबरोबर जगणार. पेन्शन खाणार, तुझ्या पगारावर डोळा ठेवणार. नाही केलं तर एका फटक्यात सगळं मिटतं. घर तुझंच आहे. कामावरचा आयुर्विमाही आहे माझा, लहानसा. घर तापवायचं तेल भरायला होईल तुला दोन-तीन हिवाळे."

मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते, तसा नियमच होता. मी दगडांकडे बघत राहिले. आधी भीती वाटली. मग इतका संताप आला की त्याच ओगराळ्याने त्याला बदडावंसं वाटलं. आणि मग या दोन्हींच्या खालून काहीतरी वर आलं, त्याने मी गारच झाले. ऑगस्टपासून हा माणूस माझ्याशेजारी झोपत होता, सकाळी कॉफी करत होता, आणि माझ्या भल्यासाठी अगदी नीटनेटकं, आवाज न करता मरायला निघाला होता. इतकं मोठं प्रेम आणि इतका मोठा मूर्खपणा एका माणसात मावतो हे मला माहीत नव्हतं.

"हे कोर्टात सांग," मी म्हटलं.

"सॉनातलं आहे हे."

"म्हणूनच मला सांगता येत नाही. तू सांग."

"जमायचं नाही, डार्ला."

"मग मी घटस्फोट घेते. कागदावरचा नाही, खराखुरा. उद्याच्या उद्या सामान उचलते आणि हॅरिएटकडे जाते."

त्याने विचार केला. "घर तुझ्या नावावर आहे," तो म्हणाला. "जावं मला लागेल."

पुढचं ओगराळं मी दगडांवर टाकलं नाही, त्याच्या डोक्यावर टाकलं, आणि बादलीतलं पाणी बर्फाचं होतं.

कोर्टाच्या दिवशी डुलुथ शहरात लख्ख ऊन पडलं होतं. सरोवरावरचा बर्फ फुटून किनाऱ्याला लागला होता आणि मधे निळं पाणी मोकळं झालं होतं. या मोसमातलं पहिलं जहाज आज येणार म्हणून गावात गडबड होती, जहाजं बंदरात शिरतात त्या कालव्यावर लोक सकाळपासून थर्मास घेऊन बसलेले. लाइलने लग्नातला कोट घातला होता. तो त्याला ढगळ झालाय हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

सरकारी वकील हॅलरन हा सडपातळ, सभ्य माणूस. मी मनात त्याला शिव्या द्यायची तयारी करून गेले होते, पण त्याने आम्हाला दार उघडून दिलं, त्यामुळे पंचाईत झाली. न्यायाधीश बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज मऊ. लाइलने शपथ घेतली आणि साक्षीला बसला.

हॅलरनने फॉर्म वाचून दाखवला. चाललंय, तक्रार नाही, आभार.

"आजही तक्रार नाही, मिस्टर पेल्टो?"

"नाही."

"तब्येत?"

"वाईट नाही."

थियाबाईंनी डोळे मिटले. हॅलरनने पान उलटलं. "बसचं काम तुम्ही स्वतःहून सोडलंत. गुडघ्यांमुळे, असं तुमच्या मालकांनी कळवलंय."

शपथ घेतल्यावर खोटं बोलणाऱ्यांतला लाइल नाही. "गुडघे ठीक आहेत," तो म्हणाला.

"मग काम का सोडलंत?"

लाइलने तोंड उघडलं. हॅलरन त्याच्याकडे बघत होता, न्यायाधीश बघत होत्या, थियाबाई बघत होत्या, मी बघत होते. त्याने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. त्याच्या मानेची शीर उडताना मला माझ्या जागेवरून दिसत होती. शेवटी न्यायाधीशांनी त्याला हळूच सांगितलं की तूर्त खाली बसा.

मग माझी पाळी. हॅलरनने घरखर्च विचारला, मी सांगितला. तेल, वीज, गाडीचं पेट्रोल, विमा.

"तर मिसेस पेल्टो, या सगळ्यात तुमचं भागतं?"

"भागतं," मी म्हटलं.

आणि माझ्याच कानांवर माझा आवाज आला. हॅरिएटकडून दोनदा उसने आणलेले पैसे, दात काढून टाकला कारण भरायला परवडत नव्हता, एक खोली सोडून बाकीचं घर हिवाळाभर गार ठेवलेलं, आणि मी मान ताठ करून म्हणत होते, भागतं. नवऱ्याला नावं ठेवत बत्तीस वर्षं काढली आणि मी स्वतः तरी वेगळी कुठे होते? मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या चकित झाले.

"नाही भागत," मी म्हटलं, आणि दात, घर, हॅरिएट, सगळं सांगून टाकलं. बोलताना माझे कान तापले होते.

हॅलरनने लिहून घेतलं. "आणखी काही आहे, जे कोर्टाला कळायला हवं?"

"आहे," मी म्हटलं. "पण ते मी सांगायचं नाही. ते सॉनात बोललेलं आहे."

दुसऱ्या एखाद्या शहरात लोक हसले असते. इथे कोणी हसलं नाही. हॅलरनचं पेन थांबलं. न्यायाधीश पुढे झुकल्या.

"बोललं कोण?"

"माझा नवरा."

"मग ते तेच सांगू शकतात."

"सांगतील, जज्जसाहेब. पण त्यांना तोंडाकडे बघून बोलता येत नाही, कोणाच्याच. आम्ही तिथे शेजारी बसतो आणि दगडांकडे बघतो."

न्यायाधीशांनी खिडकीकडे पाहिलं. "मिस्टर हॅलरन, साक्षीदाराची खुर्ची खिडकीकडे फिरवली तर तुमची हरकत आहे?"

हॅलरन म्हणाला, "माझ्या आईच्या माहेरी सॉना होता. माझी हरकत नाही."

शिपायाने खुर्ची ओढली, माइकची वायर लांबवली. मग न्यायाधीश म्हणाल्या, "अजून एक खुर्ची ठेवा. मिसेस पेल्टो, तुम्ही शेजारी बसा. पण एक शब्दही बोलायचा नाही."

"ते तिला जमायचं नाही," लाइल म्हणाला.

तेव्हा मात्र सगळे हसले, न्यायाधीशसुद्धा. आम्ही दोघं कोर्टाकडे पाठ करून बसलो. समोर सरोवर. इतकं निळं, इतकं मोठं, पलीकडचा काठ नाहीच. थियाबाईंनी मागून विचारलं, "मिस्टर पेल्टो, बस का सोडलीत?"

आणि तो बोलला. झडप, डॉक्टर, ऑगस्ट, मागे बसलेली मुलं. केलेला हिशेब. मेलं की कसं मिटतं, तेल किती हिवाळे पुरेल. शनिवारी बोलला होता तसाच, सपाट आवाजात, पाण्याकडे बघत. मी ओठ दाताखाली धरून ठेवले होते. मला वाटलं संपलं. पण तो थांबला नाही.

"तक्रार खरंच नाही," तो म्हणाला. "पैसे मी घेतले. ती तीन वर्षं चांगली होती. या सरोवराचा तळ कसा तयार झाला ते मला तिथे कळलं, आणि अजूनही सकाळी काठावर गेलो की मला ते आठवतं, छाती भरून येते. त्याची किंमत द्यायला माझी ना नाही." त्याने श्वास घेतला. "पण मला जगायचंय. हे मी अजून कोणाला बोललो नाही. हिलाही नाही. मला आवडेल अजून जगायला, हिच्याबरोबर."

मी रडायला लागले. आवाज केला नाही, एक शब्दही बोलले नाही, कोर्टाचा हुकूम होता. ज्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवले त्याच्या आत एवढं सगळं होतं, आणि मी आपली त्याला दगड म्हणत होते. मला त्याच्याकडे वळून बघायचीही हिंमत होईना. त्याचा हात खुर्चीच्या हातावर होता, त्यावर मी माझा हात ठेवला.

न्यायाधीशांनी थोडी सुट्टी दिली. परत बसलो तेव्हा हॅलरन उभा राहिला. तो म्हणाला, सरकारचा यापुढे विरोध नाही. न्यायाधीशांनी मग दोन-तीन वाक्यं वाचल्यासारखी म्हटली. हे कर्ज या अर्जदाराला फेडणं शक्य नाही, पुढेही होणार नाही, आणि त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केलेला आहे. म्हणून ते संपुष्टात आलं आहे.

संपुष्टात आलं आहे. मी थियाबाईंकडे बघितलं, अजून काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. त्या डोळे पुसत कागद गोळा करत होत्या. लाइलच्या एकोणिसाव्या वर्षापासूनचं, माझ्या लग्नाहून जुनं, आमच्या टेबलावर आमच्याबरोबर बसून जेवणारं ते एवढं मोठं काहीतरी, कॉफीचा पेला भरायला लागतो तेवढ्या वेळात नाहीसं झालं होतं. आवाजसुद्धा झाला नाही. मला वाटलं होतं मी ओरडेन, नाचेन. प्रत्यक्षात मी चर्चमध्ये आवाज खाली करतात तसा करून विचारलं, "झालं?"

"झालं, मिसेस पेल्टो," थियाबाई म्हणाल्या.

बाहेर आलो. हॅलरन जिन्यात भेटला, टोपी हातात धरून. लाइलला म्हणाला, "बरंय मग. सांभाळा." लाइल म्हणाला, "हं." दोघांनी एकमेकांकडे न बघता हात मिळवला.

आम्ही गाडी कालव्यापाशी नेऊन उभी केली. घरी जायचं भान दोघांनाही नव्हतं. लोक कठड्याला दाटीने उभे होते. कालव्यावरचा उचलता पूल हळूहळू वर गेला आणि जहाज आत आलं, इतकं लांब की त्याचं टोक पुढे गेलं तरी शेवट अजून सरोवरातच होता, आणि इतकं हळू की पाणीदेखील हलत नव्हतं. त्याने भोंगा दिला. तो आवाज काचेतून आला, पत्र्यातून आला, माझ्या बरगड्यांत घुमला. पुलाने उलट भोंगा दिला. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि दरवेळी अंगावर काटा येतो. लाइलने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

आम्ही दोघं शेजारी, समोर बघत.

"डार्ला," तो म्हणाला. "तो हृदयाचा डॉक्टर. नंबर आहे तुझ्याकडे?"

माझ्याकडे होता. शनिवारी रात्रीच शोधून ठेवला होता. पण पहिल्यांदा मी घाईत एक आकडा चुकले. दुसऱ्या खेपेला लागला. तिकडून एका मुलीचा आवाज आला, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मी सांगितली. मग ती म्हणाली, "पेशंटला आता कसं वाटतंय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात लाइलने माझ्या हातातून फोन घेतला. नजर त्याने जहाजावरून हलवली नाही.

"वाईट आहे," तो म्हणाला. "लवकरची वेळ द्या."